सलगवाले साहेब

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात माझं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. मला ओळखायचे ते 'सलगवाले साहेब' म्हणून. पारावरची बैठक असो की ग्रामपंचायतीतली सभा, बोलणं कुठूनही सुरू झालं तरी मी ते ओढत तुरीवर आणायचो आणि तुरीवरून सलग पेरणीवर, म्हणजे रानात नुसती तूरच. एकदा एका हॉटेलवाल्यानं विचारलं, "साहेब, चहा सलग देऊ का मधी दुधाची एक ओळ टाकू?" सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगायचं तर मनातून मला ते नाव आवडायचं. काहीतरी एक गोष्ट आपण धरून बसलोय आणि लोकांना ती माहीत आहे, यात एक सुख असतं.

कृषी सहायक म्हणून मी १९८८ साली लागलो. तेव्हा आमच्या भागात खरिपात ज्वारी असायची. गावात तिला ज्वारी कमी आणि 'हायब्रीड' जास्त म्हणत. तिफण चालायची आणि सहा-आठ तासांनी एकदा तिफणीमागं सरतं धरून घरातली बाई तुरीचं बी सोडत जायची. ज्वारी दिवाळीच्या आधी निघायची, कडबा बांधून गंजीला लागायचा, आणि मग त्या मोकळ्या रानात तुरीचे पाटे एकटेच उभे राहायचे. पौषात तूर कापून खळ्यावर यायची. एकरी दोन क्विंटल, फार तर अडीच.

हा आकडा मला डाचायचा. संशोधन केंद्राच्या रानात हेक्टरी अठरा-वीस क्विंटल तूर निघते आणि माझ्या गावात एकरी दोन? कारण मला अगदी स्पष्ट दिसत होतं. घरचं बी, बीजप्रक्रिया नाही, खत नाही, आणि वर तुरीच्या डोक्यावर चार महिने ज्वारीची सावली. तुरीला पहिले साठ दिवस वाढच नसते, ती गोगलगाईसारखी रांगते. अशा पिकाला ज्वारीच्या पायाशी टाकणं म्हणजे लेकराला हौदाच्या कडेला ठेवणं, असं मी भाषणात सांगायचो. टाळ्या पडायच्या.

माझं गणित असं होतं. दोन ओळींत ९० सेंटिमीटर, दोन झाडांत २०, म्हणजे एकरी २२ हजार झाडं. बियाणं एकरी पाच-सहा किलो, दहा किलोला रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट, त्याआधी ट्रायकोडर्मा. डीएपीची एक गोणी. फुलकळी लागताना निंबोळी अर्क, कामगंध सापळे, अळी दिसली तर औषध. बाकी रानात दुसरं काही नको. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अभियान २००७ साली सुरू झालं आणि भात-गव्हाच्या पंगतीत कडधान्यांनाही पान मिळालं, तेव्हा मला वाटलं, आपलं म्हणणं दिल्लीनंही ऐकलं.

२००८च्या मृगाआधी मी एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलो होतो. चार एकर काळी जमीन, पाणी फक्त पावसाचं. माणूस माझ्याच वयाचा, उत्साही. शेजारी त्याचे वडील पानाला चुना लावत बसले होते. मी सलग तुरीचं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "सायब, ज्वारीच्या चार तासा तर ठेवा. जनावराला काय घालू?"

मी म्हणालो, "बाबा, तुरीच्या पैशातून कडबा विकत घ्या. उरून पुरेल."

"तुरीचा पैसा संक्रांतीला येनार. तवर बैल काय माझं तोंड बघत बसतील?"

मुलगा हसला, मी हसलो. म्हाताऱ्याचं हे बोलणं मी कित्येक वर्षं किस्सा म्हणून सांगत होतो. जुन्या माणसांना पुढचं दिसत नाही, याचा नमुना म्हणून.

पहिल्या वर्षी एकरी साडेसहा क्विंटल तूर निघाली. शिवारफेरी झाली, बॅनर लागला, मी झाडाला हात लावून उभा आहे असा फोटो अजून घरात आहे. दुसऱ्या वर्षी त्याच चार एकरांत पुन्हा सलग. चार क्विंटल. पाऊस कमी होता, त्यामुळे मी ते पावसाच्या खात्यावर मांडलं. मधे मधे पाच-दहा झाडांचे वाळलेले ठिपके होते, ते मी पाहिले होते. पाहिले आणि पुढं गेलो. कबूल करायचं तर यातलं हेच सगळ्यात जड जातंय.

तिसऱ्या वर्षी, २०१०ला, दसऱ्यानंतर त्याचा फोन आला. "साहेब, तूर उबळली." गेलो तर ऐन फुलोऱ्यातली झाडं उभ्याउभ्या पिवळी पडून माना टाकत होती. एक झाड उपटलं, खोडाची साल काढली. आत बुडापासून वर चढत गेलेली काळपट तपकिरी रेघ. पुस्तकात जशी असते तशीच. मर रोगाची बुरशी जमिनीत आणि जुन्या सडांवर दोन-तीन वर्षं टिकून राहते, आणि त्याच रानात पुन्हा तूर आली की तिला जत्राच मिळते. हे मला माहीत होतं. मी परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी त्या माणसाला तीन वर्षं ओळीनं एकाच रानात तूर पेरायला मीच लावलं, कारण प्रात्यक्षिक एकाच ठिकाणी राहिलं की तिथं नेऊन दाखवायला बरं पडतं. चार एकरांत मिळून पाच क्विंटल झाली. त्या हिवाळ्यात त्यानं एक बैल विकला. दोन्ही नाही, एकच. पण एका बैलाचं औत होत नाही, हे सांगायला कृषी पदविका लागत नाही.

इथं माझं मन बदललं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्याकडे सबब तयार होती, आणि ती सबबही खोटी नव्हती. भाव पांढऱ्या तुरीला चांगला म्हणून त्यानं बाजारातलं पांढरं बी आणलं होतं, ते मरीला बळी पडणारं. बदनापूरच्या केंद्राची बीएसएमआर ७३६ किंवा ८५३ पेरली असती तर मर आणि वांझ, दोन्ही रोगांना ती बरीचशी तोंड देते. म्हणजे चूक बियाण्याची, सलगची नाही. पुढची चार वर्षं मी नुसतं वाण बदलून तेच सांगत राहिलो. फेरपालटाचं वाक्य तेवढं एक वाढवलं.

मग २०१४ आणि २०१५ आली. सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. (हा 'सलग' शब्द मला त्या वर्षांत नकोसा झाला.) २०१६च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. रानात काय झालं ते टीव्हीवर नव्हतं. माझी रोगप्रतिकारक सलग तूर मरीनं मेली नाही. ती जगली, फुलली आणि फुलं गाळून बसली. तुरीला चांगल्या सालीही दहा फुलांतून जेमतेम एखाद-दुसऱ्याची शेंग होते. त्या साली हलक्या रानात तेवढीही झाली नाही. आणि चारा छावण्यांच्या दारात जनावरं घेऊन उभ्या असलेल्या माणसांत माझ्या प्रात्यक्षिकांचे शेतकरी होते. तुराट्या बैल खात नाही. तुराट्यांचं कूड होतं, झाडू होतो, जळण होतं.

त्याच गावात एकानं हट्टानं ज्वारीत तूर पेरली होती. त्याची तूर एकरी दीड क्विंटलही नव्हती आणि ज्वारीचं कणीसही अर्धंच भरलेलं. पण कडबा होता. तीनेकशे पेंढ्या. त्या साली पेंढीला सोन्याचा भाव होता. माझ्या वहीत त्या शेताची नोंद 'तूर, उत्पादन कमी' अशी होती. चूक तिथं माझ्या लक्षात आली, की मी दर वर्षी त्या शेताचा अर्धाच हिशोब लिहीत होतो.

त्यात एक गंमत सांगण्यासारखी आहे. सातबाऱ्यातल्या बारा नंबरच्या नमुन्यात 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' आणि 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' असे वेगळे रकाने पूर्वीपासून होते. तलाठ्याच्या कागदाला मिश्र पीक ओळखता येत होतं. मी जे प्रपत्र भरून पाठवायचो त्यात पिकाचं नाव लिहायला एकच चौकोन होता. मी त्या चौकोनात मावेल एवढंच रान बघायला शिकलो. कुणी शिकवलं असं नाही, माझं मीच शिकलो.

याच सुमारास एका प्रशिक्षणात एक निवृत्त शास्त्रज्ञ भेटले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढं सलग तुरीचं रडगाणं लावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एका जुन्या शोधनिबंधाची झेरॉक्स हातात ठेवली. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. तिथल्या एम. आर. राव आणि आर. डब्ल्यू. विली या दोघांनी ज्वारी आणि तूर यांच्यावरचे ९४ प्रयोग एकत्र मांडून एक साधा प्रश्न विचारला होता. पीक किती आलं हा नव्हे, तर पीक किती वेळा बुडलं. म्हणजे घर चालवायला लागणाऱ्या एका ठरावीक रकमेच्या खाली किती वर्षांतून एकदा गेलं. उत्तर असं: सलग तूर पाच वर्षांत एकदा. सलग ज्वारी आठ वर्षांत एकदा. ज्वारीत तूर छत्तीस वर्षांत एकदा.

मिश्र पिकाशी माझा छत्तीसचा आकडा, आणि नेमका तोच आकडा असा समोर यावा!

परतीच्या एसटीत मी ती पानं मांडीवर ठेवून बोटांवर हिशोब करत होतो. एका माणसाच्या हातून आयुष्यात किती खरीप जातात? विशीत तिफण हाती आली आणि साठीच्या आत सुटली, तर छत्तीस-सदतीस. तेवढ्यात सलग तुरीवर सात वेळा बसकण, जोडपिकात एकदा. त्या सातांतल्या प्रत्येकाला एक बैल, एक दागिना, नाहीतर सावकाराच्या पायरीची एक फेरी. निबंध छापला होता १९८० साली. मी नोकरीला लागलो त्याच्या आठ वर्षं आधी. म्हणजे मी ज्या बाबांना हसलो, ते आणि पाटणचेरूचे शास्त्रज्ञ एकाच बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला मी बॅनर धरून उभा होतो.

शिवाय सावलीचं माझं ते लाडकं उदाहरणही उलटं निघालं. तुरीचं सुरुवातीचं रांगणं हाच तर जोडीचा फायदा. ज्वारी आपली घाईत वर येते, वरच्या थरातलं पाणी घेते आणि निघून जाते. तूर तोवर खाली सोटमूळ सोडत असते आणि ज्वारी गेल्यावर खालच्या ओलीवर फांद्या टाकते. दोघींचा वेळ वेगळा, पाण्याचा मजला वेगळा. मरीच्या बाबतीतही पाटणचेरूलाच दिसलं होतं, की ज्वारीच्या संगतीत तुरीची मर निम्म्याच्याही खाली येते. हे वाचल्यावर मला ते चार एकर आठवले आणि मी झेरॉक्स पिशवीत घातली.

उत्पादनाबद्दलचं माझं उरलंसुरलं वेड २०१६-१७ने उतरवलं. आदल्या साली तूरडाळ २०० रुपये किलोला गेली होती, त्यामुळे सगळ्यांनी तूर पेरली, आणि पाऊसही झाला. देशात आदल्या वर्षी २५ लाख टनांच्या आसपास असलेली तूर त्या वर्षी ४८ लाखांवर गेली. माझ्या नोकरीतलं सर्वांत मोठं यश, म्हणायला हरकत नाही. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये, आणि बाजारात चार हजारांच्या खाली. खरेदी केंद्रापुढं ट्रॅक्टरांची रांग, बारदाना नाही, रात्री ट्रॉलीखाली झोपायचं. मी एका ओळखीच्या माणसासोबत दोन रात्री त्या रांगेत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं पुढची पाच पोती व्यापाऱ्याला घातली आणि मला म्हणाला, "साहेब, पुढच्या साली जरा कमी पिकवायला सांगा." तो चिडलेला नव्हता, खरंच विचारत होता.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर ही कबुली अर्धी राहील. माझं मत बदलल्याचं कळल्यापासून मला शहरातल्या कार्यक्रमांची बोलावणी येतात. जुनं ते सोनं असं मी म्हणावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी तसं म्हणत नाही आणि मग आभार प्रदर्शन लवकर होतं. ती जुनी ज्वारी तरी कुठं जुनी होती? ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, आलंच १९६४ साली. बाबांची 'परंपरा' माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. जुनी गावरान तूर साडेसहा महिने रानात राहायची आणि हलक्या जमिनीत शेवटच्या दीड महिन्यात ओल संपली की शेंगा फोलपटासारख्या राहायच्या. बीडीएन ७११ दीडशे-पंचावन्न दिवसांत येते आणि ती ओल संपायच्या आत सुटते. हलक्या रानासाठी मी आजही तीच सांगतो. रायझोबियमबद्दलही मी एक शब्द मागं घेणार नाही. फक्त एवढंच, की दुकानात तापलेल्या पत्र्याखाली दोन महिने पडलेल्या पाकिटात जिवाणू उरलेले नसतात, आणि असली पाकिटं मीही खुशाल वाटली आहेत. शेंडे खुडण्याला मी दहा वर्षं हसलो. वाढतं झाड कापायचं? पण पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी खुडलं की फांद्या फुटतात, हे आता डोळ्यांनी पाहिलंय. हलक्या, कोरड्या सालात फार करू नये, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

आणि ज्वारी परत आणा, हे सांगणं तर फारच सोपं. निवृत्त झाल्यावर मी स्वतःच्या दोन एकरांत खरिपाची ज्वारी आणि तूर पेरून पाहिली. पाच कोसांत ज्वारीचं तेवढंच एक रान, त्यामुळे सगळ्या जिल्ह्यातली पाखरं माझ्याकडेच जेवायला. गोफण फिरवायला माणूस मिळेना, बायको म्हणाली मी येते, तिला मी नको म्हणालो. उरलेलं कणसातच भिजून काळं पडलं. बाजूच्या रानांत सोयाबीन का आलं, हे मला त्या आठवड्यात जेवढं कळलं तेवढं तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. आता मीही सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन असं रुंद वरंब्यावर पेरतो. सरीत पाणी मुरतं, जास्त झालं तर निघून जातं. दर साल तुरीचं रान बदलतो, उठलेल्या रानात रब्बीची ज्वारी घेतो. कडबा त्या ज्वारीचा होतो. तूर एकरी तीन-साडेतीन होते. कुणाला दाखवायला नेण्यासारखं त्यात काही नाही.

ज्यांच्या रानात मी तीन वर्षं सलग तूर घातली त्यांच्याकडे जायचं मी टाळत होतो. बाबा वारल्याचं कळलं तेव्हाही गेलो नाही. गेल्या डिसेंबरात एका लग्नाला त्याच गावी जावं लागलं, आणि तो मांडवातच भेटला. हात धरून रानात घेऊन गेला. माझ्या मनात काय बोलायचं ते तयार होतं, बराच काळ तयार होतं. बांधावर पोचलो तर समोर बोअरच्या पाण्यावरचा ऊस. चारही एकर, डोक्याच्या वर.

मी म्हणालो, "त्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. बाबांचं ऐकायला हवं होतं."

तो उसाकडे बघत थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "आता बी सलगच हाय की, साहेब."

त्या उसाचं पाणी किती वर्षं पुरेल हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण तो विषय आम्ही काढला नाही. बांधाच्या कडेनं तुरीची एक ओळ होती. घरच्या डाळीपुरती, म्हणाला, आईनं टोबलीय. त्यानं ओंजळभर हिरव्या शेंगा तोडून माझ्या पिशवीत टाकल्या. तो तोडत होता तोवर मी सवयीनं एका झाडाच्या बुडाशी वाकलो आणि नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं होतं.